शेंदराखालचे ओरखडे

अन्याय माझ्या अक्कावर झाला. सोमवार, १६ ऑगस्ट १९८२, दुपारच्या वेळी. श्रावणातला तो शेवटचा सोमवार होता आणि त्याच दिवशी लातूर जिल्हा झाला. तारीख मुद्दाम लिहितो. चळवळीत मला पत्रकं लिहायला बसवलं तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली होती: कुणावर आणि कधी, ते आधी लिही, रडणं मागून. तर रडणं मागून येतंय.

अक्काचा एक दगड होता. तो तिला न विचारता शाळेतून उचलला आणि महादेवाच्या गाभाऱ्यात नेऊन ठेवला. बस, एवढंच. नामांतराच्या वेळी नांदेडला माझ्यासोबत पत्रकं वाटणारे दोस्त हे ऐकून म्हणाले, “अबे, माणसांची घरं जळाली अन् तू दगडाचं काय घेऊन बसलास?” तेव्हा मला बोलता आलं नाही. आता बोलतो.

आमचं मूळ गाव माहूरचा डोंगर उतरल्यावर पैनगंगेच्या अंगाला. तिकडं पूर्वेला गेलं की मराठवाड्याचा काळा दगड पातळ होत जातो आणि खालून वेगळेच, जुने दगड डोकं काढतात. बहात्तरच्या दुष्काळात तिकडं तलावाचं काम निघालं आणि आई खडी फोडायला गेली. एके दिवशी तिच्या वाट्याला डांगर-भोपळ्याएवढा एक धोंडा आला. हिरवट करडा, एक बाजू तासल्यासारखी सपाट, आणि त्या सपाट बाजूवर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे, जणू कुणी फणी ओढली. आईनं हातोडा घातला. फुटंना. मुकादम म्हणाला, “फोड, न्हाईतर फेक.” आईनं दोन्ही केलं नाही. संध्याकाळी तो टोपल्यात घालून, डोक्यावर घेऊन घरी आली.

बा ओट्यावर बसला होता. म्हणाला, “का गं, सरकार मजुरीत दगडं देऊन राहिलं का आता?”

“ह्यो फुटंना,” आई म्हणाली. “म्हणून आणला.”

तेवढंच कारण. दिवसभर फुटणाऱ्या दगडांत बसलेल्या बाईला एक न फुटणारा आवडला. तो आमच्या दाराला टेकू झाला. वारा सुटला की दार त्याच्यावर आपटायचं. तीन वर्षांनी आई गेली, तेव्हाही तो दाराशीच होता. आईचा फोटो आमच्याकडे नाही. लुगडी अंथरुणात गेली. राहिला तो दगड.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझी वेणीफणी सोडून सगळं तिनंच केलं. नांदेडला वसतिगृहात राहून भूगोल घेऊन शिकली. एका दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, पिशवी दारात ठेवली आणि तिथंच उकिडवी बसली. दगड उलटा केला, सुलटा केला. ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग पदरानं पुसला. मला वाटलं आईची आठवण आली. आली असेलच, पण ती हसत होती.

“आमच्या पुस्तकात ह्याचा फोटो आहे,” ती म्हणाली. “ह्याचा म्हणजे ह्याच्या भावाचा.”

मग तिनं मला जे सांगितलं ते मी जिंदगीत विसरणार नाही. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी, पण पाण्यासारखी वाहत नाही. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ स्वतःच्या वजनानं दाबून घट्ट होतो आणि सरकायला लागतो, दिवसाला बोटभर, कुठं हातभर. त्याच्या पोटाखाली गोठलेले धोंडे खालच्या खडकावर घासत जातात. खडकालाही ओरखडे पडतात आणि धोंड्यालाही. बर्फ डोंगराच्या कडा तासतो, अरुंद दरी खरवडून परातीसारखी रुंद करतो. आणि वितळतो तेव्हा अंगावरचं सगळं तिथंच टाकून जातो: चिखल, वाळू, घराएवढे धोंडे, सगळी सरमिसळ. “नदी निवडून टाकते,” अक्का म्हणाली, “जड इथं, हलकं पुढं. बर्फ निवडत नाही. बर्फाला लहानमोठं कळत नाही.”

मी म्हणालो, “आपल्याकडं कुठला बर्फ? आपल्याकडं प्यायला पाणी न्हाई.”

“तीस कोटी वर्षांमागं होता. तेव्हा आपली जमीन खाली दक्षिण ध्रुवाजवळ होती, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळ्यांना चिकटून. आपली काळी माती ज्या दगडाची झाली, तो काळा दगड तेव्हा जन्मायचाच होता.”

“मग गेला कुठं बर्फ?”

तिनं जमिनीवर काडीनं सूर्य काढला. भोवती पृथ्वीची वाट. ती वाट कधी जरा लांबट होते, कधी गोल. पृथ्वीचा कल कमीजास्त होतो. आणि ती भोवऱ्यासारखी डुलते. एकेक फेरा हजारो वर्षांचा, कुठला वीसेक हजारांचा, कुठला चाळीस, कुठला लाखाचा. उन्हाळ्याचं ऊन जरासं कमी पडलं तर गेल्या वर्षीचा बर्फ शिल्लक राहतो, त्याच्यावर नवा पडतो, आणि हिमनदी पुढं सरकते. ऊन वाढलं की मागं हटते. पुढं, मागं, किती वेळा, कोण जाणे. आणि हे चालू असताना जमीन स्वतःच उत्तरेकडं सरकत आली, ध्रुव मागं राहिला, बर्फ संपला. राहिला हा.

“आईला हे सांगायला पाहिजे होतं,” ती म्हणाली.

तिला नोकरी लागली ती लातूरजवळच्या एका गावात, संस्थेच्या शाळेत. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दगड पोत्यात घालून आम्ही एस.टी.नं नेला. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून पाहिला.

“काय हाय ह्याच्यात?”

“दगड,” अक्का म्हणाली.

“ताई, खरं सांगा.”

“दगडच आहे. उघडून बघा.”

त्यानं उघडून बघितलं. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, “लातूरला दगडं संपली जणू! माहूरहून माल चाललाय!” गाडी हसली. अक्कापण हसली. तिच्या हसण्यात त्या दिवशी काहीच कमी नव्हतं, हे मला लिहून ठेवायचंय.

शाळेत तिनं तो भूगोलाच्या टेबलावर ठेवला. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात मी महिनाभर तिच्याकडं राहायला गेलो होतो. ती गावाबाहेर बौद्धवाड्यात खोली घेऊन राहायची. मृग कोरडा गेला, आर्द्रा गेल्या, पुनर्वसू गेलं. वाड्याची विहीर आटली होती. गावच्या विहिरीवर आमच्या बाया घागरी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या आणि कुणाच्या मनात आलं की वरून ओतायचं. मी म्हणालो, कायदा आहे, काढा तुमचं तुम्ही. एक म्हातारी म्हणाली, “कायदा लातूरला हाय, बाळा. हितं रस्सी त्यांची हाय.”

जुलैच्या शेवटी हिमनदीचा धडा आला. अक्कानं ठरवलं की पोरांनी बर्फ सरकताना बघायचाच. लातूरला बर्फाच्या कारखान्यावर गेलो. तिथले चाचा भुशातून लादी काढता काढता म्हणाले, “बाई, शादीला न्हेता का मय्यतीला?”

“शिकवायला,” अक्का म्हणाली.

“बरफाला काय शिकवणार? त्याला एकच काम येतं, जायाचं. जल्दी करा.”

पोत्यात भुसा भरून, वर घोंगडी टाकून आम्ही लादी आणली. गावापर्यंत अर्धी उरली. अक्कानं एका फळीवर ओली माती लिंपून ठेवली होती. लादीच्या खाली तिनं खडे दाबून बसवले आणि पोरांना म्हणाली, ओढा. पोरांनी लादी फळीवरून ओढली. मातीत रेघा उमटल्या, एकाच दिशेनं गेलेल्या, सरळ. मग तिनं दगडाची सपाट बाजू वर केली. पोरं दगडाकडं बघत होती, फळीकडं बघत होती, परत दगडाकडं. एक पोरगी जोरात ओरडली, “बाई, त्येच हाय!”

वर्गात शिकवणं काय असतं ते मी त्या दिवशी बघितलं. मग पोरांनी बर्फ चाटून चाटून संपवला. उरलेला तुकडा एकानं दगडावर ठेवला, आणि तो वितळून दगड ओला झाला. शाळा सुटताना तो ओलाच होता.

चूक इथं झाली, आणि ती चूक ह्याच गावात, ह्याच वर्षी होऊ शकत होती. पोरांनी घरी जाऊन सांगितलं की बाईच्या दगडाला बर्फाच्या नदीनं आणलंय आणि त्याच्यातून गार पाणी सुटतं. तहानलेल्या गावात हे वाक्य किती वेगानं फिरलं असेल ते तुम्हीच बघा. दुसऱ्या दिवशी बाया खिडकीतून दगड बघून गेल्या. कुणीतरी त्याला नावही दिलं. गारोबा.

आमच्याकडं पाऊस लांबला की देव कोंडतात. गाभाऱ्याची मोरी बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. देवाचा जीव घुसमटला की तो पाऊस सोडतो. त्या सोमवारी हे करायचं ठरलं होतं. अक्का पहाटेच शाळेच्या मुलींचं लेझीमपथक घेऊन नव्या जिल्ह्याच्या समारंभाला लातूरला गेली. मी वाड्यातच होतो. दुपारी गावच्या विहिरीवरून देवळापर्यंत बायाबाप्यांची रांग लागली. घागर घागर पाणी देवळात चाललं होतं. आमच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन नेहमीच्या जागी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांना ओतून द्यायला कुणाला सवड नव्हती. एकीनं विचारलं तर उत्तर मिळालं, “आधी देवाचं होऊ दे. मग सगळ्यांनाच पाणी हाय.”

संध्याकाळी अक्का आली. कपाळावर गुलाल, गळा ओरडून बसलेला. मुली घरी सोडून शाळेत पिशवी ठेवायला गेली तर टेबल रिकामं. शिपाई म्हणाला, “गारोबाला न्हेलं. सरांनीच कुलूप काढून दिलं.”

आम्ही देवळापाशी गेलो. पायरीखाली उभे राहिलो. गाभाऱ्यात पिंड पूर्ण बुडाली होती आणि तिच्याशेजारी पाण्याखाली आईचा दगड. आत घेण्याआधी त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. म्हणजे दगड शुद्ध होतो. तो दहा वर्षं जपणारी होत नाही.

गावातले एक वडीलधारे गृहस्थ खांबाला टेकून बसले होते. फार प्रेमानं म्हणाले, “या बाई. तिथूनच दर्शन घ्या. तुमच्या दगडाचं भाग्य बघा.”

मी अक्काला म्हणालो, “चल आत. कायद्यानं जाता येतं. मी पुढं होतो.”

ती हळूच म्हणाली, “आत जाऊन काय करू? पाण्यात हात घालू?”

“घाल.”

“अन् मग पाऊस न्हाई पडला तर? कुणामुळं म्हणतील?” तिनं मागं बघितलं. मागं, ओढ्यापलीकडं, वाडा होता. “अठ्ठ्याहत्तरला कुणाची घरं जळाली, त्याची तूच पत्रकं वाटलीस ना? मग?”

तिचा हिशेब बरोबर होता. आम्ही घरी आलो. तिनं कपाळावरचा गुलाल पुसला नाही, तसाच राहू दिला.

आणि तिसऱ्या दिवशी पाऊस पडला!

मला अजून त्या पावसाचा राग येतो. चांगला पडला. वाड्याच्या विहिरीत पाणी आलं, आमच्याच बायांनी हात जोडले. मी कुठल्या तोंडानं म्हणू, की पडायला नको होता? पण त्या पावसानं अक्काचा दगड कायमचा नेला. पाणी उतरल्यावर गाभारा धुतला, गारोबाला पिंडीच्या डाव्या अंगाला बसवला आणि शेंदूर फासला. जाडच्या जाड, तेलातला. तीस कोटी वर्षं पुसले नव्हते ते ओरखडे एका सकाळी बुजले.

अक्का हेडमास्तरांकडं गेली. मी व्हरांड्यात उभा होतो.

“सर, माझा दगड.”

“बाई, आता तो शाळेचा राहिला नाही.”

“शाळेचा नव्हताच सर. माझ्या आईचा होता.”

“मग तर आईचं पुण्यच म्हणायचं. लोक पाया पडून राहिले.”

“सर, त्याच्यावरच्या रेघा दिसत नाहीत आता. मी पोरांना काय दाखवू?”

“पुस्तकात चित्र आहे ना?”

दोन दिवसांनी शाळेच्या दारात एका ट्रॅक्टरनं ट्रॉलीभर दगड आणून ओतले. काळे, खाणीतले. चालकानं निरोप दिला, “मालक म्हणले, बाईला लई नाद हाय दगडांचा. लागतील तेवढे घ्या म्हणावं.” पोरं हसली. तीच पोरं, जी बर्फ चाटत होती. अक्का त्या ढिगाऱ्याजवळून वर्गात गेली आणि हजेरी घेतली.

मी लातूरला गेलो. नवा जिल्हा, नवं कार्यालय, रंगाचा वास. अर्ज वाचून बाबू म्हणाला, “भाऊ, आमच्या अजून खुर्च्या यायच्यात अन् तुम्ही दगड मागून राहिले. देवस्थानाचा विषय आहे. जुन्या जिल्ह्यात विचारा.” जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादला गेलो. ते म्हणाले, गाव आता आमचं नाही. मी अक्काला म्हणालो, मोर्चा काढू. ती म्हणाली, “मला मोर्चा नको रे. माझा दगड पाहिजे. मोर्चा काढून तू नांदेडला जाशील. वाड्यातल्या पोरी ह्याच शाळेत येणार.”

त्याच हिवाळ्यात मी परत तिच्याकडं गेलो होतो तेव्हा शाळेत एक पाहुणे आले. भाषणात म्हणाले, दुष्काळ हे निसर्गाचं चक्र आहे, त्याला कुणाचा इलाज नाही, धीर धरला पाहिजे. टाळ्या पडल्या. मी अक्काकडं बघितलं. चक्र काय असतं ते त्या मांडवात एकट्या तिला माहीत होतं. बर्फ पुढं यायला आणि मागं जायला हजारो वर्षं लागतात, आणि त्यात कुणी कुणाला विचारत नाही, हे खरं. पण विहिरीवरची रस्सी कुणाच्या हातात, हे चक्र ठरवत नाही. रिकाम्या घागरीसमोरून भरलेली घागर देवळात न्यायची, हे पृथ्वीच्या डुलण्यानं होत नाही. ते माणूस ठरवतो, सोमवारी सकाळी, चहा पिताना. चक्राचं नाव घेऊन स्वतःचे हात धुणाऱ्यांची मला चीड येते. अक्का खाली बघत होती. तिनं टाळी वाजवली नाही, पण ती काही बोललीही नाही. पूर्वीची अक्का उठून बोलली असती.

जूनमध्ये संस्थेनं तिची बदली देगलूरच्या बाजूच्या शाळेत केली. निरोपाला नारळ दिला. जाताना ती देवळासमोरून गेली आणि थांबली नाही.

यंदा मी तिच्याकडं गेलो. नेमका हिमनदीचा धडा होता. तिथल्या हेडमास्तरांनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. तिकडची पोरं अर्धी तेलुगूत बोलतात. अक्का टेबलामागं उभी होती, टेबलावर डस्टर आणि खडू. ती पुस्तकातून वाचत होती. हिमनदी खडकाची झीज करते. हिमनदी गाळाचे संचयन करते. एकदाही मान वर केली नाही. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, “बाई, आपल्याकडं होता का बर्फ?”

अक्का थांबली. मी बाकाची कड धरून बसलो होतो. आता सांगेल. आता काडी उचलेल, सूर्य काढेल.

“पुस्तकात एवढंच आहे,” अक्का म्हणाली. “पुढचं वाच.”

घरी आल्यावर मी विचारलं, “अक्का, दगडाचं का सांगितलं न्हाईस?”

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. “कोणत्या दगडाचं?” ती म्हणाली.

हा अन्याय आहे, दोस्तांनो. माझी आई हातोड्यानं जे फोडू शकली नाही, ते त्या गावानं हळद-कुंकू वाहून फोडलं.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, जे हे वाचताय आणि ज्यांना कुठल्याही देवळाच्या पायरीवर आजवर कुणी “तिथूनच दर्शन घ्या” म्हटलेलं नाही. तुम्हाला कुणी अडवणार नाही; तुमच्यामुळं पाऊस थांबला असंही कुणी म्हणणार नाही; तुमच्यासाठी कुणाचं घर जळणार नाही. त्या गावात जा. पुजाऱ्याला सांगून जा, चोरून नको. पिंडीच्या डाव्या अंगाचा दगड उचला. एका माणसाला उचलतो, माझ्या उपाशी आईनं डोक्यावर आणला होता. शेंदूर चाकूनं खरवडू नका, नवे ओरखडे पडतील. रॉकेलचा बोळा घ्या आणि रेघा दिसेपर्यंत पुसा. मग एस.टी.नं देगलूरला न्या, आणि अक्काचा तास चालू असताना, पोरांसमोर, तिच्या टेबलावर ठेवा.